तांब्याला अहो म्हणणाऱ्या बाई

सोन्याचांदीच्या नाण्यांना बाई अरेतुरे करायच्या आणि तांब्याच्या नाण्याला मात्र अहोजाहो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, फोनवर कुणी वडीलधारं माणूस आहे. "अहो, जरा कुशीवर वळा. असं तोंड लपवून कसं चालेल?" फोन कुठेच नव्हता. पुढ्यात काळ्या मखमलीचा तुकडा, त्यावर हिरवट गंज चढलेलं एक चिमुकलं नाणं आणि त्याच्यावर वाकलेल्या बाई.

मी धीर करून कारण विचारलं.

"सोनं पेटीत बसून असतं," बाई म्हणाल्या. "चांदी सावकाराच्या घरी. यांनी बाजार केलाय. मीठ आणलंय, तेल आणलंय, कुणाच्या कनवटीला घामात भिजलेत. झिजलेत ते काम करून. अशांना अरेतुरे कशी करायची?"

गंमत करत असतील म्हणून मी हसले. बाई हसल्या नाहीत.

जुन्नरच्या अलीकडे, कुकडीच्या काठाला, एका कांद्याच्या शेताच्या कडेला पांढरीचं टेकाड आहे. पांढर म्हणजे जुनी वस्ती मातीत मिळून गेल्यावर उरते ती राखट, भुसभुशीत जमीन. तिथे आमचं उत्खनन चाललं होतं. मी चित्रकलेची पदविका घेतलेली; सापडलेल्या वस्तूंची आणि खड्ड्यांच्या भिंतींची मापात चित्रं काढायचं काम माझ्याकडे. उत्खननाचे प्रमुख सर हे बाईंचे जुने विद्यार्थी. बाई केव्हाच निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेली. पण नाणी निघायला लागली की सर त्यांना बोलावून घेत, आणि एकदा आल्या की बाई हंगाम संपेपर्यंत हलत नसत.

मुक्काम गावातल्या एका मंगल कार्यालयात. मुहूर्त नसतील तेव्हा ते आम्हाला मिळे. स्टेजवर नवरा-नवरीच्या दोन लाल खुर्च्या होत्या, सोनेरी मोराच्या पाठीच्या, सिंहासनासारख्या. बाईंनी पहिल्याच दिवशी त्यातली नवरीची खुर्ची पटकावली. "उजेड इथेच चांगला पडतो," एवढाच खुलासा. तिथे बसून, मांडीवर पाट घेऊन, सोनाराच्या नाजूक तराजूत त्या नाणी तोलायच्या. कार्यालयाचा मालक नवीन गिऱ्हाइकांना हॉल दाखवायला आणायचा, तेव्हा समोर हे दृश्य: पांढऱ्या केसांची बाई, डोळ्याला भिंग, नवरीच्या खुर्चीत. एकदा मुलीच्या बापाने दबकत विचारलंच, "यांचं पण लगीन हाय का काय?"

"ठरलंय," बाई भिंग न काढता म्हणाल्या. "मुलगा अजून खणून काढतायत."

खरोखरीचं लग्न निघालं की आम्ही एक दिवस शेजारच्या शाळेत गाशा गुंडाळून जायचो. बाई जेवायला मात्र बिनदिक्कत परत. मुलीकडच्यांना वाटे मुलाकडच्या, मुलाकडच्यांना वाटे मुलीकडच्या. संध्याकाळी येऊन आम्हाला सांगायच्या, "मठ्ठा फर्मास होता. नवरा मुलगा जरा घुम्या वाटला."

त्यांचा एक आवडता शब्द होता, 'कशावरून'. चहा गार झालाय म्हटलं, तरी कशावरून. आज उकडतंय म्हटलं, तरी कशावरून. आमच्यातले नवखे विद्यार्थी रडकुंडीला यायचे. एकाने बोट दाखवून सांगितलं, "बाई, हे खापर सातवाहनांचं आहे." "कशावरून?" "सरांनी सांगितलं." "मग ते सरांचं खापर झालं," बाई म्हणाल्या, "सातवाहनांचं कशावरून?" सर तिथेच उभे होते. ते नुसते हसले. सर बाईंना कधीच उलटून बोलत नसत. कुणीच बोलत नसे. बाईंचं पुस्तक म्हणजे आमच्या क्षेत्रातला शेवटचा शब्द, आणि त्या शब्दाला 'कशावरून' विचारायची कुणाची छाती नव्हती.

माझ्यासाठी त्यांचा वेगळा नियम होता. नाणं कुणाचं, कुठलं, हे मला आधी सांगायचं नाही. मी आधी चित्र काढायचं, मग नाव. "नाव कळलं की हात खोटं बोलायला लागतो," त्या म्हणायच्या. "हत्ती म्हणून सांगितलं तर तू सोंड काढशील, नसली तरी. दिसतं तेवढं काढ. दिसत नाही तिथे कोरं ठेव." माझी कोरी जागा बघून त्या जितक्या खूष व्हायच्या, तितक्या रेघ बघून कधी झाल्या नाहीत.

एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला नाणेघाटात नेलं. घाटघरपर्यंत जीप, पुढे पायी. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकात त्यात पडायची असं सगळे सांगतात. बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. खिंडीच्या टोकाला पाय सोडून बसल्या. खाली कोकण धुरकट पसरलेलं. भन्नाट वारा, त्यांचा पदर पतंगासारखा उडत होता. "इथून माल चढायचा," त्या म्हणाल्या. "समुद्रापलीकडचा. दारूचे रांजण, काच, तांबं. पाय दुखले असतील बघ बैलांचे. मग हळूहळू सगळं थांबलं. तिसऱ्या शतकानंतर इथे रोमचं काही येत नाही. घाट मुका झाला."

'घाट मुका झाला' हे त्यांच्या पुस्तकातलं वाक्य. परीक्षेत मुलं ते पाठ लिहायची. त्या वाक्यापायी त्यांचं एका माणसाशी कायमचं वाजलं होतं. ते गृहस्थही प्राध्यापकच, आता मंचरला मुलाकडे राहायचे. खापरांचे जाणकार. त्यांचं म्हणणं, व्यापार रोडावला पण थांबला नाही; पुढच्या काळातली परदेशी रांजणांची खापरं त्यांच्याकडे होती. बाईंना ती पटली नव्हती. एका परिषदेत बाईंनी ते वाक्य म्हटलं, तेव्हा समोरच्या रांगेतून ते प्राध्यापक उठून म्हणाले, "घाट मुका नाही बाई, तुम्ही बहिऱ्या आहात." अख्खं सभागृह हसलं. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. हे मला आमच्या सरांकडून कळलं. बाईंनी त्यांचं नावसुद्धा घेतलं नाही.

हंगाम संपत आला होता. कांद्याची पात पिवळी पडायला लागली होती. एका खड्ड्यात जुन्या घराचं छप्पर कोसळलेलं सापडलं, फुटक्या कौलांचा जाड थर. कौलं उचलली तर खाली शेणामातीची जमीन, आणि जमिनीला चिकटून एक नाणं. लहानसं, वाटोळं, गंजाने पार झाकलेलं. सर म्हणाले, "क्षत्रप राजांचं असेल. किंवा इथलंच कुणाचंतरी."

बाईंनी तोललं. जेमतेम ग्रॅमभर. मग ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब टाकत, बाभळीच्या काट्याने दोन दिवस गंज सैल करत बसल्या. घासायचं नाही, ॲसिड लावायचं नाही. "थांबा हो, दुखवत नाही," असं त्याला सांगत. मग पाट माझ्याकडे सरकवला. "काढ."

मी काढायला बसले. एका बाजूला उजवीकडे बघणारा चेहरा, केसांभोवती मण्यांची पट्टी, तिची दोन टोकं मानेवर लोंबणारी. कडेची अक्षरं झिजून गेलेली. दोनचार काड्या दिसल्या तेवढ्या काढल्या. दुसऱ्या बाजूला डावीकडे चालणारी एक आकृती. खांद्यावर काहीतरी घेतलेलं. दुसरा हात मागे, आणि त्या हाताने काहीतरी ओढत नेतेय.

तेवढ्यात शेताच्या मालकीणबाई, आम्ही त्यांना आक्का म्हणायचो, ताकाची किटली घेऊन आल्या. त्यांच्या सासरी पूर्वी मेंढरं होती, आता सगळी जमीन कांद्याखाली. त्यांनी माझ्या खांद्यावरून डोकावलं. "काय काडलंय ताई? मेंढरू वडत न्हेतोय व्हय बाजाराला?"

बाईंनी चित्र ओढून घेतलं. नाण्याकडे नाही, माझ्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग नाणं उचलून उन्हाच्या तिरिपेत तिरकं धरलं. "हिच्या पाठीशी काही दिसलं का तुला?"

"दिसल्यासारखं वाटलं. पण ओरखडाही असेल, म्हणून कोरं ठेवलं."

"पंख आहेत ते," बाई म्हणाल्या. आवाज वेगळाच होता. "आक्का, मेंढरू नाही. माणूस आहे. लढाईत पकडलेला. आणि ही ओढतेय ती त्यांची विजयाची देवी. केसाला धरून फरपटत नेतेय त्याला."

आक्कांनी किटली खाली ठेवली. "आन असलं चित्र घिऊन लोकं बाजार करायची?"

"करायची."

"लेकरांच्या हातात द्यायची?"

"द्यायची. त्यांच्याकडे गाव कुठलंही असो, हातात नाणं हेच."

"लईच वंगाळ," आक्का म्हणाल्या. "कुटलं म्हनायचं हे?"

"रोमचं. पण पडत्या काळातलं. चौथं शतक संपता संपता पाडलेलं." बाईंनी नाणं मखमलीवर ठेवलं. "श्रीलंकेत अशी भरपूर निघतात. दक्षिणेत निघतात. इथे नाही निघायला पाहिजे."

सरांचा चेहरा उतरला होता. त्यांना अर्थ कळला होता, मलाही कळला. तिसऱ्या शतकानंतर मुका झालेल्या घाटाच्या पायथ्याशी नाही, तर पार वर, एका साध्या घराच्या जमिनीवर, चौथ्या शतकाच्या शेवटचं रोमचं नाणं.

"बाई," सर म्हणाले, "फार झिजलंय. आपण 'रोमन, काळ अनिश्चित' असं लिहूया का?"

"अनिश्चित कशावरून?"

"सम्राटाचं नाव वाचता येत नाही."

"मग ते लिहू नकोस. पण ओढून नेणारी देवी त्याच काळात येते, हे तू माझ्याच वर्गात शिकलायस. का विसरलास?"

"विसरलो नाही," सर खाली बघत म्हणाले. "पण तुमचं पुस्तक..."

"माझ्या पुस्तकाचं मी बघते. आधी दुसरं बघायला पाहिजे."

दुसरं म्हणजे घूस. पांढरीत घुशी खोलवर बिळं करतात. वरची वस्तू बिळातून घरंगळत खालच्या थरात जाऊन बसते. तसं झालं असेल तर हे नाणं कुणीतरी खूप नंतर, अगदी परवापरवासुद्धा, आणून टाकलेलं असू शकतं. मग त्या घराशी त्याचा संबंध नाही, आणि बाईंचं वाक्य शाबूत. भिंत आणि जमीन खरवडून बिळाची सैल, काळपट माती कुठे लागते का, ते बघायचं होतं. आम्ही सगळे शेतावर गेलो. मला वाटलं बाई स्वतः खड्ड्यात उतरतील. एरवी त्या कुणालाही हात लावू देत नसत.

"तू बघ," त्या मला म्हणाल्या.

"मी? तुमची नजर..."

"मला घूस सापडायला हवीय गं," बाई म्हणाल्या. "फार हवीय. म्हणूनच मी बघणार नाही. मला ती नसली तरी दिसेल."

आणि खरंच, छत्री उघडून त्या खड्ड्याकडे पाठ करून बांधावर बसल्या. मी खुरपीने बोट बोट जमीन खरवडत गेले. भिंतीतला कौलांचा थर दोन्हीकडे सलग होता. नाण्याच्या जागेखालची जमीन टणक, खुरपी वाजावी अशी. एका कोपऱ्यात माती जरा मऊ लागली तेव्हा मी बोटांनी उकरून बघितलं. पण ती चुलीची राख निघाली. ऊन कललं. पलीकडच्या उसात बिबट्याचा वावर, त्यामुळे मजूर लवकर निघायची घाई करत होते. बाईंनी एकदाही मागे वळून बघितलं नाही.

मी वर आले. "नाही बाई. बीळ नाही."

त्यांनी छत्री मिटली. डोळे भरले होते का, मला सांगता येणार नाही. चष्म्यावर धूळ होती. मग उठून सरांना म्हणाल्या, "लिही. काळ, चौथ्या शतकाचा शेवट. थर पक्का. आणि खाली लिही, की या आधीचं माझं मत चुकीचं होतं. 'पुनर्विचार करावा लागेल' असलं गुळमुळीत लिहू नकोस. चुकीचं."

सर रडवेले झाले होते. "बाई, अख्खं आयुष्य तुम्ही..."

"आयुष्य मी नाणी बघण्यात घालवलं. हे एक आणखी बघितलं. त्यात रडण्यासारखं काय आहे?"

आक्का एवढा वेळ बाजूला घुटमळत होत्या. त्यांना वेगळाच घोर होता. "बाई, नाणं लई मोटं निगालं म्हनत्यात. आता सरकार जमीन घ्यील का आमची? पोरांचं कसं व्हायचं?"

बाई त्यांच्याजवळ बांधावर परत बसल्या. "सरकारच्या मनातलं मला कळत नाही आक्का, खोटं कशाला सांगू? पण हंगाम संपला की खड्डे बुजवून शेत परत करायचं, हे ठरलेलं आहे. मी उभी राहून बुजवून घेईन." आणि घेतलेही. शेवटच्या दिवशी मजुरांबरोबर घमेलं घेऊन बाई माती टाकत होत्या, आणि पुढच्या हंगामात त्या कोपऱ्यात कांदा डोलत होता.

पण त्याआधी मंचरची गोष्ट.

चारच दिवसांनी बाई मला म्हणाल्या, "तुझं चित्र घे. मंचरला जायचंय." नाणं उत्खननाबाहेर नेता येत नव्हतं, म्हणून चित्र. एसटीत त्यांनी खिडकीची जागा घेतली. नारायणगावला उतरून द्राक्षं घेतली, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून. आणि मंचर येईपर्यंत निम्मी खाऊन टाकली. बाईंना घाबरलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

मंचरच्या सरांचं घर मार्केट यार्डाच्या मागे, नव्या बांधणीचं. सुनेने दार उघडलं. ओट्यावर कानटोपी घातलेले एक किडकिडीत आजोबा पेपर वाचत होते.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मुका घाट," बाई म्हणाल्या.

पेपर खाली आला. त्यांनी कानटोपी वर सरकवली. मग म्हणाले, "या, बहिऱ्या बाई. बसा."

बाईंनी उभ्यानेच सांगितलं. नाणं निघालं, चौथ्या शतकाच्या शेवटचं, कौलांच्या थराखाली. तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं. पाठ केल्यासारखं एका दमात. मग द्राक्षांची उरलेली पिशवी पुढे केली.

मला वाटलं, आता ते खूष होतील. निदान 'सांगत नव्हतो?' एवढं तरी म्हणतील. त्यांनी चित्र मागितलं. भिंग आणवलं. कितीतरी वेळ बघितलं.

"बीळ?"

"नाही. हिने बघितलं."

"बरोबर आणखी काय निघालं?"

"काही नाही."

"म्हणजे एकच नाणं?"

"एकच."

त्यांनी भिंग ठेवलं. "मग एका नाण्यावरून व्यापार कसला सिद्ध करताय? कुणीतरी वाटसरू आला असेल. गळ्यात ताईत म्हणून घालून आला असेल. याला काय अर्थ आहे बाई? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"अहो, पण हेच तर तुम्ही म्हणत होतात!"

"मी खापरांवरून म्हणत होतो. ढीगभर खापरांवरून. तेव्हा तुम्हाला पटलं नाही, आणि आता एक झिजकं नाणं आणून मला बरोबर ठरवता? असलं फुकटचं बरोबर ठरायचं नाही मला."

"ताईत असतं तर भोक असतं! आणि तुमच्या खापरांचं काय? ती काय वाटसरूने गळ्यात घातली होती?"

"ती तुम्हीच नाकारली होती!"

"मूर्ख होते मी! आणा ती खापरं इकडे, दाखवते तुम्हाला!"

सून धावत बाहेर आली. "काय झालं? भांडताय का तुम्ही?" कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. पलंगाखालून खापरांच्या पेट्या निघाल्या. ओटाभर खापरं पसरली. बाई जमिनीवर बसून त्यांची बाजू त्यांनाच पटवून देत होत्या, आणि ते कानटोपी सारखी करत बाईंच्याच जुन्या पुस्तकातली वाक्यं त्यांच्यावर फेकत होते, पानाच्या आकड्यासकट. चहा आला, गार झाला, परत आला. सून माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसली. हळूच म्हणाली, "सासऱ्यांचा आवाज येवढा चडतो, मला म्हाईतच नव्हतं."

पुढे दोघांनी मिळून त्या नाण्यावर लेख लिहिला. बाईंच्या आग्रहाने मंचरच्या सरांचं नाव आधी. त्यात शेवटी दोन निष्कर्ष आहेत, एकमेकांच्या विरुद्ध. संपादकाने कळवलं, कृपया कुठलातरी एक ठरवा. दोघांनीही कळवलं, तसाच छापा. तसाच छापलाय.

त्या दिवशी आम्ही मंचरच्या स्टँडवर आलो तेव्हा दिवे लागले होते. बाईंच्या साडीला खापरांची माती, आवाज बसलेला. बाकावर टेकून त्यांनी चप्पल काढली, पाय चोळले. एवढं मन मोठं करून चूक कबूल करायला गेल्या आणि वर बोलणी खाऊन आल्या, मला फार वाईट वाटत होतं.

"बाई, ते असं कसं बोलले तुम्हाला," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. चेहरा नुसता फुलला होता, शाळा सुटलेल्या पोरीसारखा.

"किती वर्षांनी गं," त्या म्हणाल्या, "मला कुणीतरी नाही म्हणालं."